उजेड आधी

ही गोष्ट आहे. गावं खरी आहेत, घाट खरा आहे, कामाच्या रीतीही खऱ्या आहेत. जोडपं तेवढं गोष्टीतलं. त्यांना नावं दिलेली नाहीत, कारण नावाचा विषय पुढे येणारच आहे.

माजलगावकडून घाट चढून वर आलं की धारूर लागतं. तालुक्याचं गाव, पण जुनी माणसं अजूनही किल्ले धारूरच म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं पिकतात, पाट्या भरभरून रस्त्याकडेला येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आजूबाजूची गावं आणि तांडे रिकामे व्हायला लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, पत्रे, लेकरं असं सगळं भरून माणसं साखर कारखान्यांना निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही पार कर्नाटकात. ती परत येतात उन्हं तापल्यावर.

ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. ऊस दोघं तोडतात, मोळ्या दोघं बांधतात, गाडी दोघं भरतात. वहीत मात्र नाव लिहिलं जातं नवऱ्याचं.

गोष्टीतली दोघंही असल्याच घरांत वाढली. तो शाळेसाठी आजीजवळ मागं राहायचा. ती राहिली नाही, तिचं लहानपण कारखान्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलं. सात-आठ वर्षांची असल्यापासून तिला एक काम ठरलेलं होतं. रात्री-अपरात्री गाडी आली की माय डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. अरुंद फळी, खाली चिखल, डोक्यावर ओल्या उसाचं ओझं. तेव्हा फळीवर बॅटरी धरायचं काम हिचं. एकदा झोपेत हात हलला, उजेड मागं राहिला आणि मायचा पाय घसरला. मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. माय रागावली नाही. म्हणाली, "बाई, पाय पडल्यावर उजेड काय कामाचा? पाय पडायच्या आधी पडला पाहिजे."

पुढे तो अंबाजोगाईला एका स्टुडिओत कामाला लागला. झाडलोट, चहा, मग डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद धुणं, मग पासपोर्ट फोटो. चार वर्षांनी जुना कॅमेरा हप्त्यानं घेतला आणि धारूरला बसस्टँडजवळ एक गाळा भाड्यानं धरला. त्याच उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

तो काळ रोलचा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लोक लग्न रोलवर मोजायचे, 'दोन रोलचं लग्न', 'तीन रोलचं लग्न'. एक बटण चुकलं की एक फोटो गेला, म्हणून हात जपून चालायचा. मग व्हिडिओ शूटिंग आलं. खांद्यावर जड कॅमेरा आणि सोबत हॅलोजनचा लाइट. हा लाइट म्हणजे हातात धरलेली चूलच. मांडवात वायर ओढत फिरायचं, कुणाच्या पायात येऊ द्यायची नाही, नवरीच्या तोंडावर फार वेळ धरायचा नाही नाहीतर घामानं कुंकू ओघळतं, आणि रात्रीच्या वरातीत पाकोळ्या अंगावर घ्यायच्या. या कामाला पोरगा ठेवायचा तर त्याची रोजची मजुरी. दोघांनी हिशेब केला आणि ती लाइट धरायला लागली.

लोक म्हणायचे, फोटोवाला चांगलाय, बायकोला पण हाताखाली घेतलंय. त्यालाही तसंच वाटायचं. काम तो करतो, ती मदत करते.

त्याचं नाव व्हायला लागलं. मराठवाड्यात ज्या दिवशी गावोगाव लग्नं असतात त्याला दाट तिथ म्हणतात. दाट तिथीला त्याच्याकडे चार-चार ऑर्डरी यायच्या, तो एक घ्यायचा. माणसं कौतुकानं सांगायची, याच्या शूटिंगमध्ये माणूस जिवंत दिसतं. टाळी लागते, अक्षता पडतात, हे सगळेच काढतात. याच्या कॅसेटमध्ये मांडवाच्या मेढीला धरून उभा राहिलेला बाप दिसतो. पंगतीत वाढता वाढता थांबलेला भाऊ दिसतो. रुखवताच्या मागं बसलेली, कुणीच बोलावलेलं नसलेली विधवा आत्या दिसते.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली तेव्हा त्यानं लाइटला एक पोरगा ठेवला. पोरगा चलाख होता. कॅमेरा वळला की लाइट वळवायचा, क्षणभर उशीर नाही. त्या दिवसांत सहा लग्नांचं शूटिंग झालं. कॅसेटी दिल्या. आठ दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. भांडायला आले नव्हते. खुर्चीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बापू, पैशाचं काही नाही. पण थोरल्या भावाच्या पोरीच्या लग्नात तू तिची माय काय काढली होतीस! आमच्या लग्नातली माय कुठं गेली?"

त्या रात्री त्यानं दुकानाचं शटर आतून ओढलं आणि सहाही कॅसेटी पाहिल्या. सगळं होतं. स्टेज, हार, आहेर, फेटे, पुढारी. माणसं होती, पण सगळी कॅमेऱ्याकडे बघणारी. मग त्यानं जुन्या कॅसेटी लावल्या. पहाटेपर्यंत पुढे-मागे करत राहिला आणि पहाटे त्याच्या लक्षात आलं. जुन्या कॅसेटीत चित्राची एक कड आधी उजळते. कॅमेरा अजून नवरदेवावर आहे आणि डावीकडे उजेड सरकलाय. मग कॅमेरा, जणू कुणी बाही ओढावी तसा, तिकडे वळतो. तिथं ती आई असते. दर वेळी असंच होतं. उजेड आधी जातो, कॅमेरा मागून.

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण बघतो आणि ती दाखवायला मदत करते. बघत ती होती.

गोष्ट इथं क्षणभर थांबवतो, कारण ही चूक एकट्या त्याची नाही. आपण भारतीय सिनेमाचे जनक म्हणून दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. सिनेमाआधी ते गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ चालवत होते. पण १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांचे हात किती होते? कच्च्या फिल्मच्या कडेला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि भर उन्हात पांढरी चादर ताणून धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड टाकणं. चादर धरणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. पण पडद्यावरचा चेहरा त्याच्यामुळे दिसतो. मला तर ती चादर एखाद्या संग्रहालयात ठेवायच्या योग्यतेची वाटते.

तो दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीला गेला. बाळ पाहिलं, मग ओसरीवर बसून विचारलं, "तुला कसं कळतं गं, लाइट कुठं न्यायचा ते?"

ती गोंधळली. "त्यात काय कळायचंय?"

"तरी पण?"

तिनं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "रडू यायच्या आधी बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळती. गडीमाणूस असला तर उगंच कुणाला तरी हाक मारतो, काम सांगतो. ते दिसलं की मी वळते. रडू आल्यावर वळलं तर ते तोंड झाकून घेतात."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "परत आलीस की कॅमेरा तू धर. लाइट मी धरतो."

हे बोलणं सोपं होतं, निभावणं सोपं गेलं नाही. तिला कॅमेऱ्याची भीती वाटायची. रोल वाया जाईल, महागाची वस्तू पडेल. त्यानं रिकाम्या कॅमेऱ्यावर तिचा हात बसवला, फोकस शिकवला, उन्हात किती आणि सावलीत किती उघडायचं ते शिकवलं. तिनं पहिले दोन रोल दुकानासमोरच्या भाजीवालीवर घालवले. त्यानंही लाइट धरायला शिकायला वेळ घेतला. सुरुवातीला तो नवरदेवावरच लाइट ठेवायचा. मांडवात माणसं हसायची. "बाई फोटो काढायली आन् गडी वायर गोळा करायलाय!" एका सोयऱ्यानं तर ऑर्डरच परत घेतली. पण हसणाऱ्यांच्या घरच्या बायकांना लवकरच एक गोष्ट उमगली, की ही फोटोवाली आतल्या खोलीत येऊ शकते.

आतली खोली म्हणजे अर्धं लग्न. हळद, न्हाणं, चुडा भरणं, ओटी, जात्याजवळच्या बायका, नवरीला साडी नेसवताना धाकट्या बहिणीचं उतरलेलं तोंड. तिथवर पुरुष फोटोवाल्याला जाता येत नाही, म्हणून ते अर्धं लग्न कधी कुणाच्या अल्बममध्ये आलंच नव्हतं. ही अडचण जुनी आहे. निजामाच्या हैदराबादेत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडद्यातल्या बायकांसाठी निराळा जनाना स्टुडिओ उघडला होता, आणि तिथं फोटो काढायला बाईच नेमली होती. धारूर तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं. पण तो स्टुडिओ नवाब-जहागीरदारांच्या घरच्यांसाठी. डोंगरातल्या बायकांची आतली खोली उजळायला आणखी शंभर वर्षं लागली.

आता मधल्या वर्षांत फार रेंगाळत नाही. रोल गेले, मेमरी कार्डं आली. २०१२च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला तोवर दोघांनी रोलचा शेवटचा डबा कपाटात ठेवूनही दिला होता. हॅलोजनच्या जागी गार एलईडी आला, जाड पानांचा करिझ्मा अल्बम आला, किल्ल्यावर प्री-वेडिंगला जोडपी यायला लागली. १५६७च्या सुमाराला आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधलेला तो किल्ला, तीन बाजूंना दरी आणि चौथ्या बाजूला खंदक. याच धारूरला १६६६ साली मोगलांनी नेताजी पालकरांना कैद केलं, हे तो फोटो काढता काढता जोडप्यांना सांगायचा. कुणी ऐकायचं, कुणी मोबाइलमध्ये असायचं. दोघांचं काम वाढलं, वडवणी, केज, परळीपर्यंत जाणं व्हायला लागलं, हाताखाली दोन पोरं आली.

आणि मग ते लग्न आलं.

दिवाळीच्या तोंडावरचं लग्न, घाईनं ठरलेलं. अर्धे पैसे आधी मिळाले होते. ती नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेली, तो दारात लाइट घेऊन उभा राहिला. नवरीला पिवळं नेसवून पाटावर बसवलं होतं. हळदीनं भरलेला हात तिनं कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा मधल्या बोटावर पेनाच्या शाईचा डाग दिसला. फोटोवालीनं कॅमेरा वर करून चेहऱ्याकडे पाहिलं.

मुलीची आई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, जरा मोठी दिसंल असा काढा."

फोटोवालीनं विचारलं, "कितवीला हाय?"

"नववीला."

खोलीतल्या बायका गप्प झाल्या. आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती. "काय करू ताई? सहा म्हैने आमी कारखान्यावर. हिला इथं कुणाजवळ ठेवू? आन् तिकडं कोपीत न्यावं तर कोपीला दार नसतंय. लग्न झालं म्हंजी कोयता तरी होतोय तिचा."

ती आई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण शहरात बसून अशा आईला वाईट ठरवणं फार सोपं असतं. दार नसलेल्या कोपीत वयात आलेली पोर घेऊन सहा महिने काढायचे, ही भीती ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. फोटोवालीला ती ठाऊक होती. त्याच कोपीत ती वाढली होती. म्हणून तिला आईचा राग आला नाही, पण मोठी दिसेल असा फोटोही तिला काढता आला नाही. मोठी दिसेल असा उजेड कसा टाकायचा, हे तिला चांगलं येत होतं.

तिनं दाराकडे पाहिलं. "लाइट बंद करा."

त्याला आतलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्याच्या खिशात अर्धे पैसे होते, अंगणात पाहुणे होते, आणि मुलीचे काका त्याच्या ओळखीचे होते. तरी त्यानं कारण विचारलं नाही. लाइट बंद केला.

मग बाहेर येऊन तिनं त्याला सांगितलं, आणि दोघांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं. मुलीचं वय अठराच्या आत असेल तर २००६च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, आणि लग्न लावणारा, जमवणारा, त्याला साथ देणारा असे सगळेच त्यात येतात. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह रोखणारा अधिकारी असतो. बाप चिडला, मग काकुळतीला आला, मग पुन्हा चिडला. फोटोवाल्यानं अर्धे पैसे बापाच्या हातावर परत ठेवले. तिनं घराच्या मागं जाऊन १०९८ला फोन लावला.

लग्न त्या दिवशी थांबलं. ग्रामसेवक आले, पोलीस आले, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं. मांडव तसाच उभा होता आणि आचाऱ्याचं शिजलेलं अन्न पातेल्यात होतं. दोघं सामान गाडीत भरत होते तेव्हा त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

पुढचा हंगाम कठीण गेला. 'पोलीस आणणारे फोटोवाले' असं नाव पडलं. सलग दोन दाट तिथी घरी बसून काढल्या, हप्ते थकले, एक पोरगा काम सोडून गेला. अशा एका दुपारी तो म्हणाला, "चूक झाली असं वाटतं का तुला?"

ती कॅमेऱ्याची काच पुसत होती. "माय म्हणायची, पाय पडायच्या आधी उजेड पडला पाहिजे. नंतर पडला तर काय कामाचा?" आणि पुसत राहिली.

मुलीला मागं ठेवायची सोय लावायला दोघांनी शाळेत चकरा मारल्या. ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी वसतिगृहाची योजना आहे, त्यासाठी मास्तरांना भेटले, कागद गोळा केले. मुलगी नववी झाली, दहावीत गेली. तिच्या आईनं मात्र दोघांशी बोलणं टाकलं ते बरीच वर्षं. ऑर्डरी हळूहळू परत आल्या, आधी बायकांच्या शब्दानं.

त्यानंतर त्याच्या मनात एक विचार घोळायला लागला. दुकानाच्या पाटीवर त्याचं एकट्याचं नाव होतं, पहिल्यापासून. अल्बमच्या शेवटच्या पानावरही तेच. तिनं काढलेल्या हजारो फोटोंखाली त्याचं नाव गेलं होतं, आणि दोघांच्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

असं मोठमोठ्यांच्या घरीही झालं आहे. १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या, कॅमेरा हाती दिला माणेकशांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते माणेकशांच्या नावानं. पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाला मान मिळाला, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. पण ते पहिले फोटो बघताना कुणाच्या मनात त्यांचं नाव आलं असेल?

त्यानं पेंटरला बोलावलं. ती म्हणाली, "पाटीचं राहू द्या. पाटी वाऱ्यानं पडती, उन्हानं उडती. माझं नाव पावतीवर घाला. मुकादमाची वही आठवती का? जे वहीत तेच खरं धरतात."

त्यानं दोन्ही केलं. पाटीवर दोघांची नावं आली, तिचं आधी. आणि पावतीबुक नवं छापून घेतलं, त्यावर खाली दोघांच्या सहीची जागा. छापखान्यात कच्चा कागद बघताना तिनं आणखी एक बदल सांगितला. गिऱ्हाइकाच्या नावासाठी 'श्री.' या छापील अक्षरापुढे एकच रेघ होती. तिनं 'श्री.' काढायला लावलं आणि एकाखाली एक दोन रेघा मारायला सांगितल्या.

परवाच्या सीताफळांच्या दिवसांतली दुपार. बाहेर रस्त्यावर पत्रे आणि भांडी लादलेला एक ट्रक उभा होता. एक तरुण जोडपं दुकानात आलं. दोन वर्षांचं लेकरू आजीजवळ ठेवून कारखान्याला निघालेलं. लेकराला रोज दाखवायला आजीजवळ एक फोटो ठेवायचा होता, आईबापाचा.

फोटो झाला. फोटोवालीनं पावतीबुक उघडलं.

"नाव काय लिहू?"

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. तिनं ते लिहिलं आणि पेन खालच्या रेघेवर आणून थांबवलं.

"आन् तुझं?"

"माझं कशाला, ताई?" बाई हसली, ट्रककडे पाहिलं, मग खाली. पदराचं टोक तिच्या बोटाला एक वेढा घेऊन थांबलं.

कोपऱ्यात तो वायर गुंडाळत होता. त्यानं वायर खाली ठेवली आणि लाइट हळूच तिच्याकडे वळवला.